गेनबाचा एक तास

"मॅनेजर, उद्या दुपारी मला एक तास पाहिजे," असं म्हणून गेनबा माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

कोलोनच्या एका हॉटेलात सकाळचा नाश्ता चालला होता. आमच्या चौतीस जणांनी तिथला टोस्टर ताब्यात घेतला होता आणि प्रत्येक टेबलावर घरच्या चटणीची एकेक बरणी उघडी होती. गेनबाने पावावर लोण्याऐवजी शेंगदाण्याची चटणी थापली होती. सव्वासहा फूट उंची, उन्हाने कायमचा लाल झालेला चेहरा, पांढऱ्या भुवया आणि डोक्यावर कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात फुकट मिळालेली टोपी. हॉटेलातली वाढणारी बाई त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तोही तिला झकास इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचा, "कॉफी लै पांचट हाय." हा माणूस नक्की कुठल्या देशाचा, याचा त्या बिचारीला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

त्याचं खरं नाव ग्लेन हॉफर. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा द्राक्षबागायतदार. बेदाणा कसा वाळवावा हे शिकवायला दोन महिन्यांसाठी म्हणून तासगावला आला आणि बारा वर्षं झाली तरी परत गेला नाही. ग्लेनचा गेनबा लोकांनी पहिल्याच आठवड्यात केला. मणेराजुरीत शेवंताक्का जमदाडे यांच्या मळ्यात दोन खोल्या बांधून तो राहत होता. त्या वर्षी तिथली सोळा बागायतदार जोडपी युरोप बघायला निघाली. शेवंताक्कांचे मालक, म्हणजे यजमान, वारले होते, तरी त्या निघाल्या, आणि त्या निघाल्या म्हणून गेनबाही निघाला.

आणि मी, निनाद पेंढारकर, त्यांचा टूर मॅनेजर. वय वर्षं सव्वीस. एकट्याच्या अंगावर आलेली माझी पहिलीच सहल. या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील, पण आमच्या मालकांनी विमानतळावर दिलेला दम मला अजून पाठ आहे: "वेळापत्रकाच्या बाहेर एक मिनिट जायचं नाही, आणि जितकी माणसं नेतोस तितकी परत आणायची."

"एक तास कशाला?" मी विचारलं.

"लेकीला भेटायचंय."

माझा घास हातातच राहिला. पाच दिवस हा माणूस माझ्याबरोबर होता. ॲमस्टरडॅमच्या बोटीत त्याने मला बेदाण्याच्या सात प्रती समजावून सांगितल्या होत्या, पण मुलगी असल्याचं अवाक्षर काढलं नव्हतं.

"मेगन नाव हाय. ऱ्हाईन नदीच्या काठाला असती. नवरा जर्मन. त्यांचाबी द्राक्षाचाच मळा हाय, वाईन करतेत," गेनबा म्हणाला. "मी निगालो तवा पंधराची हुती. त्येच्या म्होरं तोंड बघितलं न्हाई."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. ईमेल छापून घेतलेली होती. इंग्रजीत चारच ओळी. 'उद्या तीन ते चार मी घरी आहे. कॉफी घेऊ. भेटायचं तुमच्या मनात राहून गेलं असेल, तर ते होऊन जाईल. त्यानंतर आपण एकमेकांना तसदी द्यायची गरज उरणार नाही, असं मला वाटतं.'

"ह्यो येवढाच तास हाय," गेनबा म्हणाला. "ह्यात जमलं तर जमलं. न्हाईतर पुन्ना दार न्हाई."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एकाला तास दिला की दुसऱ्याला अर्धा लागतो, हे मी प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं. मी म्हणालो, "बस अशी एकट्यासाठी वळवता येत नाही हो. तुम्ही उद्या रेल्वेने जाऊन या, संध्याकाळी पुढच्या हॉटेलात आम्हाला गाठा. मी तिकीट काढून देतो."

"येकट्यानं जायाचा धीर असता तर ह्या येवढ्या मानसांत कशाला आलो असतो?"

"बरं, बघतो काहीतरी," मी म्हणालो. "पण आत्ता कुणाजवळ बोलू नका."

"छ्या, कशाला बोलतोय," गेनबा म्हणाला.

दहा मिनिटांनी बस सुटली. मी दिवसाचा कार्यक्रम सांगायला माईक हातात घेणार, तोच गेनबाने तो उचलला आणि "सगळ्यास्नी राम राम" म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. ईमेलसुद्धा वाचली, आणि भाषांतर करून पुन्हा वाचली. बसमध्ये जो गलका उठला त्याने मारेक, आमचा पोलिश ड्रायव्हर, दचकून ब्रेकवर पाय देऊन बसला.

"बारा वरसं?"

"अवो गेनबा, रोज आमच्यात बसून बेदाना निवडतासा, आन् लेक हाय म्हनून बोलला न्हाईसा कदी!"

"मॅनेजर, उद्याच्याला काय हाय?"

"उद्या सकाळी ऱ्हाईनची बोट," मी म्हणालो, "आणि दुपारी कोकिळेच्या घड्याळांचं दुकान. जगप्रसिद्ध आहे."

शेवंताक्का पहिल्या रांगेत बसत. ठेंगणी, काटक बाई, कपाळ मोकळं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्या उभ्या राहिल्या. "कोकिळा आपल्या लिंबावर हाय की. त्येच्यापायी सात समुद्र वलांडायचं काय कारन? घड्याळाचं दुकान नगं ज्यास्नी, त्यांनी हात वर करा बगू."

चौतीस हात वर झाले. काही न कळता मारेकनेही एक हात वर केला. लोकशाहीपुढे मी मान तुकवली, पण अट घातली: बस रस्त्यावर उभी राहील, गेनबा एकटे आत जातील आणि बाकी कुणीही खाली उतरायचं नाही.

"न्हाई उतरत," सगळे एका सुरात म्हणाले. त्या एका सुराचाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बोट आटोपून आम्ही नदीच्या काठाकाठाने निघालो. दोन्ही बाजूंच्या उभ्या चढांवर द्राक्षांच्या बागा होत्या. माझ्या माहितीपत्रकात किल्ले होते, प्रत्येक किल्ल्यामागे एक दंतकथा होती, पण किल्ल्याकडे बघतंय कोण?

"मांडव कुटं हाय रं ह्यांचा?"

"असल्या चढाला फवारनी कशी करत असतील?"

"घड बगा, घड! मनी ज्वारीयेवढा झाला तरी विरळनी न्हाई केली. कसली दाटी झालीया."

विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढून टाकणं, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. आमच्या बसमधल्या प्रत्येक बाईने आयुष्यातल्या निम्म्या हिवाळी सकाळी त्यात घालवल्या होत्या. त्यांना तो दाटलेला घड बघवत नव्हता. एरवी या चर्चेत गेनबा सगळ्यांच्या पुढे असायचा, पण आज तो खिडकीशी बसून ओठ हलवत होता. मी जवळ जाऊन ऐकलं. तो इंग्रजी वाक्यं जुळवत होता.

"दोन दिस झालं, बोलायचं ते इंग्लिशमधी सुचंना झालंय," तो कसनुसा हसत म्हणाला. "भाव, हवामान, हे सुचतंय. ते सुचंना."

बरोबर तीनला आम्ही पोचलो. लहानसं गाव, काळ्या पाटीच्या दगडांची छपरं. घर रस्त्याला लागून होतं आणि घराच्या बाजूने बागेच्या ओळी थेट रस्त्यापर्यंत आल्या होत्या, मध्ये कुंपण नाही. फाटकाशी एक उंच, लालसर केसांची तरुण बाई उभी होती. गेनबाच्याच भुवया, फक्त तांबूस. बस बघून ती जराशी मागे सरकली. बापाने येताना बस भरून माणसं आणली असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

गेनबा खाली उतरला आणि पायरीशीच अडला. त्याने माझं मनगट धरलं. "तूबी चल. तोंडातनं काय न्हाई निगालं तर कुनीतरी बोलाय पाहिजे."

फाटकाशी जाऊन तो थांबला. मेगनने हात पुढे केला. बापलेकींनी हस्तांदोलन केलं, जणू एखाद्या प्रदर्शनात ओळख झाली होती. माझ्या मागे बसच्या सगळ्या खिडक्यांतून एकच हळहळ ऐकू आली.

अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, निळ्या फुलांचे कप, चेरीचा केक. मेगनने मलाही बसायला सांगितलं, अतिशय अदबीने.

"प्रवास कसा झाला तुमचा?"

"छान झाला," गेनबा इंग्रजीत म्हणाला. "रस्ते चांगले आहेत."

"या वर्षी पाऊस बेताचा आहे."

"बेताचा बरा. बुरशी येत नाही."

"दूध घेता तुम्ही?"

"थोडं."

असं वीस मिनिटं चाललं. मी हॉटेलांच्या स्वागतकक्षांत इतकं गोड बोलणं ऐकलं होतं, की त्याचा अर्थ मला कळत होता: खोली मिळणार नाही. मेगन हसत होती, केक वाढत होती आणि दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. गेनबाच्या कपाळावर घाम जमला होता. त्याने एकदा "मेगन, मी..." असं म्हटलं, ती लगेच "आणखी कॉफी?" म्हणाली, आणि गेनबा "हो, चालेल" म्हणाला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात फाटकातून शेवंताक्का आल्या. करंगळी वर केलेली. "मॅनेजर, त्या बाईस्नी इचारा, जरा जाऊन येऊ का म्हनून."

मी चरफडत विचारलं. मेगनने त्यांना आतली वाट दाखवली. परत येताना अक्का टेबलाजवळ थांबल्या. एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग टेबलावरच्या त्या नीट कापलेल्या केककडे. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, तरी दोन मिनिटं त्या उभ्या राहून ऐकत होत्या.

"कसं चाललंय गेनबा?" त्यांनी विचारलं.

"पावसाचं बोललो," गेनबा म्हणाला.

"आन्?"

"रस्त्याचं."

अक्कांनी मान हलवली आणि निघून गेल्या.

साडेतीन वाजले. मेगन म्हणाली, "तुमच्या बसला उशीर होत असेल ना?" आणि मी समजलो की तास अर्ध्यावरच संपला. गेनबाने टोपी हातात घेतली होती आणि ती तो गोल गोल फिरवत होता.

त्याच क्षणी बागेतून कुणीतरी बोंब ठोकली. जर्मनमध्ये ठोकली, पण बोंब कळायला भाषा लागत नाही. आम्ही तिघेही धावलो.

बागेच्या पहिल्या दोन ओळींत माझी अख्खी सहल पसरली होती. पदर खोचलेल्या सोळा-सतरा बाया वेलींना भिडल्या होत्या. कुणाच्या हातात दोरा कापायची कात्री, कुणी नखांनीच काम चालवलं होतं, आणि जे चाललं होतं ते विलक्षण वेगाने चाललं होतं. घड हातात घ्यायचा, वरचा खांदा ठेवायचा, मधले मणी उडवायचे, खालचं शेपूट तोडायचं, पुढचा घड. नवरे मंडळी मागून पानं काढत होती. जमिनीवर हिरव्या मण्यांचा सडा पडला होता. ओळीच्या तोंडाशी मेगनचा सासरा, एक आडदांड म्हातारा, दोन्ही हात हवेत फेकत ओरडत होता आणि एक माउली त्याला समजावत होती, "दादा, फुकट करतोय ओ, मजुरी नगं आमास्नी."

"थांबा!" मी किंचाळलो. "अहो, ही वाइनची द्राक्षं आहेत!"

मला वाइनच्या द्राक्षांतलं काही कळत नव्हतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून मी तेवढा अंदाज केला होता. हात थांबले. सगळे आपापल्या जागी, हातात घड धरून, शाळेत कॉपी करताना सापडावं तसे उभे राहिले.

मेगनने खाली वाकून मूठभर मणी उचलले, ते बापापुढे धरले, आणि मग ती जी फुटली ती फुटली. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं म्हणतात. पण त्या क्षणी तिचं तुम्ही संपून तू सुरू झालं, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"इथेही? इथेही तेच? तू जिथे जातोस तिथे दुसऱ्याच्या बागेत हात घालतोस! दोन महिने म्हणून गेलास. दोन महिने! आपली बाग तोडणीला आली होती. आई म्हणाली, येईल. मी म्हणाले, येईल. मी रोज फाटकापर्यंत जाऊन यायचे. आणि तू परक्यांच्या बेदाण्यांना ऊन दाखवत बसलास! आपली तीस एकर बाग कुणी काढली माहीत आहे? मी काढली. आईने आणि मी. सतरा वर्षांची होते मी. ट्रॅक्टरला साखळी बांधून एक एक वेल उपटली. तू लावलेली. आणि तू काय केलंस? पत्रं लिहिलीस. हवापाण्याची पत्रं!"

तिने मुठीतले मणी त्याच्या छातीवर फेकले. मग आणखी उचलले आणि पुन्हा फेकले. एव्हाना ती रडत होती. सगळी सहल हात जोडल्यासारखी उभी होती. एका शब्दाचा अर्थ कुणाला कळला नव्हता, पण बायांचे पदर डोळ्यांना लागले होते.

गेनबा जागचा हलला नाही. त्याचे ओठ हलले, इंग्रजी काही बाहेर पडेना. मग तो जे बोलला ते मराठीत बोलला.

"चुकलो गं पोरी. लै चुकलो."

मेगनने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला तो?"

मॅनेजरने भांडणात पडू नये, हेही मी लिहून घेतलं होतं. पण मी सांगितलं. "ते म्हणाले, मी चुकलो. खूप चुकलो." आणि गेनबा पुढे बोलत राहिला, मी सांगत राहिलो. "त्यांना वाटलं, बाग तशीही तोट्यात होती, तोंड दाखवायची लाज वाटली. एक महिना लांबवला, मग दुसरा. मग इतका उशीर झाला की परत यायलाच भीती वाटायला लागली. तुम्ही वेली उपटल्या ते त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणतात, तुम्ही हवं ते बोला, पण कॉफी नको."

शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. मेगनच्या तोंडून हुंदका आणि हसू यांच्या मधलं काहीतरी निघालं.

दरम्यान म्हातारा शांतपणे वेली तपासत फिरत होता. एक घड तळहातावर घेऊन त्याने बराच वेळ पाहिला, मग सुनेला जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला. मेगनने नाक ओढलं.

"ते म्हणतात, हात चांगला आहे. पण या दोन ओळींचं आता कुणीतरी बघायला हवं. पानं जास्त काढलीत, ऊन लागेल." ती बापाकडे वळली. "तू बघणार. ज्याने बिघडवलं त्याने निस्तरायचं. काढणीपर्यंत इथे राहायचं. रोज सकाळी या ओळींत यायचं. पळून जायचं नाही."

"राहतो," गेनबा म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, आणि फार पटकन म्हणाला.

नेली चौतीस, परत तेहतीस. युरोपात प्रवासी मागे राहणं म्हणजे आमच्या धंद्यात खुनाच्या खालोखालचा गुन्हा. मी कसाबसा पुढे झालो. "एक मिनिट. काढणी कधी असते?"

"ऑक्टोबर," मेगन म्हणाली.

"अमेरिकन माणसाला इथे व्हिसाशिवाय नव्वद दिवसच राहता येतं," मी बोटं मोजली. "सहा तर होऊन गेले. म्हणजे काढणीच्या आधी आठ-दहा दिवस त्यांना निघावं लागेल."

"वा," मेगन म्हणाली. "तोडणीच्या तोंडावर निघून जायची त्याला सवयच आहे."

मग ती हसली, आणि गेनबाही हसला, आणि हसता हसता तो मोठा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली मातीत बसला. मेगनने त्याला उठवलं नाही. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्याच्या शर्टात अडकलेले हिरवे मणी एक एक करून काढायला लागली.

"हितल्या हापिसात जाऊन कागद करतो," गेनबा मला म्हणाला. "तुज्या मालकास्नी सांग, गेनबा पळाला न्हाई. धरून ठेवलाय."

त्याने खरंच कागद केले. काढणी करून, नाताळात तो मणेराजुरीला परतला, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तिकडे गेला. मालकांनी मला तासभर झाडलं, पण अमेरिकन माणूस स्वतःच्या मुलीकडे राहिला याला पळून जाणं म्हणायचं की कसं, हे त्यांनाच ठरवता आलं नाही, म्हणून माझी नोकरी वाचली.

त्या दिवशी मात्र निघताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गेनबाची बॅग उतरवली. बायांनी मेगनला कुंकू लावलं, तिच्या ओंजळीत बेदाण्याचं पाकीट ठेवलं आणि म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याने बेदाणा तोंडात टाकून पाहिला आणि दुसरा घेतला. बस वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसत होतं: मेगन दोन ओळींच्या मधून हातवारे करत चालली होती, अजून भांडतच होती, आणि गेनबा मान खाली घालून तिच्या मागे मागे जात होता. इतका खूश झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

माझा राग मात्र अजून निवला नव्हता. मी शेवंताक्कांच्या शेजारी जाऊन बसलो.

"अक्का, बसमधून उतरायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"ठरलं हुतं की."

"मग? अहो, दुसऱ्याची बाग! ती वाइनची जात, तिला विरळणी लागत नाही, एवढं तरी विचारायचं कुणाला!"

अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमचं मालक हुतं तवा तीन वरसं वाईनचीच जात लावली हुती आमी. मला सांगतोस व्हय रं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दोनच येली करायच्या हुत्या. त्यानं काय मोटं नुकसान हुत न्हाई. ह्या बायास्नी चेव आला, त्याला मी काय करू?" त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी गोड बोलत हुती. कप भरत हुती. त्यो तास तसाच सरला असता आन् पोरगीनं दार लावून घेतलं असतं. बारा वरसांचं पोटात घेऊन बसलेली, तिला भांडाय काय तरी निमित्त पाहिजे का नगो?"

"आणि भांडून तिने हाकलून दिलं असतं तर?"

"हाकललं असतं तरी बोलून हाकललं असतं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोड बोलनं लै वाईट, बाबा. मला ठावं हाय. माजी लेक पुन्यात असती. शिकायचं म्हनत हुती, आमी लगीन लावून दिलं. आता दर ऐतवारी फोन करती. जेवलीस का आई, गोळी घेतलीस का, पाऊस हाय का तिकडं. आट वरसं झाली. एक शबुद वावगा बोलत न्हाई."

बस नदीच्या काठाने चालली होती आणि मागे कुणीतरी माझ्याकडे पाणी मागत होतं.

"लै गोड बोलती ओ," अक्का पुन्हा म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.